नकार तोंडी, हक्क लेखी

मी साताऱ्यात एका लेखापरीक्षकांच्या ऑफिसात काम करतो. एप्रिल ते जुलै आमच्याकडे गृहनिर्माण सोसायट्यांची दप्तरं येतात. रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तकं, सभेच्या इतिवृत्ताची वही आणि सभासदांची यादी. या यादीला सहकाराच्या भाषेत ‘जे नमुना’ म्हणतात. आठ वर्षांत अशा कितीतरी वह्या मी पानन् पान वाचल्या आहेत. पार्किंगवरून झालेली भांडणं, गळणारी टाकी, लिफ्टच्या देखभालीचा करार, गणेशोत्सवाची वर्गणी, कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्या काकूंविरुद्धची तक्रार, सगळं त्यात असतं. एक ठराव मात्र मला आजवर एकाही वहीत सापडलेला नाही: ‘मुसलमानाला सदनिका विकू नये, भाड्याने देऊ नये.’

आणि तरीही जे नमुना उघडला की कळतं, हा ठराव झालेला आहे. चाळीस सदनिका, चाळीस नावं, त्यात आपलं एकही नाही. शेजारच्या इमारतीतही नाही. पलीकडच्या, फाटक आणि वॉचमन असलेल्या नव्या संकुलात तर नाहीच.

मित्रमैत्रिणींनो, या लेखात मला दोन भांडणं करायची आहेत. पहिलं या न लिहिलेल्या ठरावाशी. दुसरं आपल्याशीच. कारण या ठरावावर आपण जो उपाय शोधून काढलाय, तो मला रोगाहून वाईट वाटतो.

आधी माझी गोष्ट. माझं आडनाव असं आहे की ते हिंदूंतही असतं आणि आपल्यातही. इनामदार, पाटील, कोतवाल यांच्यासारखं. त्यामुळे फोनवर माझं काम सोपं होतं. गेल्या दिवाळीनंतर साताऱ्यातल्याच एका सोसायटीत जुना फ्लॅट विकायला निघाल्याचं कळलं. विकणारे काका निवृत्त शिक्षक, भला माणूस. आम्ही समोरासमोर भेटलो, त्यांना माझं पूर्ण नाव कळलं, तरी त्यांची काही हरकत नव्हती. व्यवहार ठरला, मी इसार दिला, चहा झाला. नवव्या दिवशी काकांचा फोन आला. घरी गेलो तर त्यांनी इसाराचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. काकूंनी आतून पाणी आणलं, पण वर पाहिलं नाही. काका म्हणाले, “बाळा, मला इथेच अजून दोन वर्षं राहायचंय. चेअरमन म्हणतात एनओसी मिळणार नाही.”

मी चेअरमनना फोन केला. ते अगदी सौजन्याने बोलले. “तुमचं वैयक्तिक काही नाही हो. तुम्ही सुशिक्षित दिसता. पण लोकांना चालत नाही.” मी म्हणालो, “मग तेवढं लेखी द्या.” ते हसले. “अहो, यात लिहायचं काय?”

त्या हसण्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. यात लिहायचं काय, हा प्रश्न त्यांनी सहज विचारला, पण सगळं गुपित त्यातच आहे. हा नकार लिहिला की मरतो. म्हणून तो लिहिला जात नाही.

का मरतो, ते सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये कलम २३ आहे. त्याचं नावच खुलं सभासदत्व. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय कोणतीही संस्था सभासदत्व नाकारू शकत नाही. कलम २२ सांगतं की नाकारायचं असेल तर कारणांसह निर्णय कळवावा लागतो, आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. सोसायटीने अर्जच घ्यायला नकार दिला तर तो निबंधकाकडे देता येतो. निबंधक तो सोसायटीकडे पाठवतात, आणि साठ दिवसांत निर्णय आला नाही तर पुन्हा तेच, मानीव सभासद. नाकारलंच तर निबंधकाकडे अपील आहे.

आता ती एनओसी. आदर्श उपविधीत स्पष्ट लिहिलंय की सदनिकेच्या हस्तांतरासाठी सोसायटीच्या ना हरकत प्रमाणपत्राची गरज नाही. पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, फॉर्म भरायचे, फी भरायची. हस्तांतर अधिमूल्यालाही सरकारने २००१ पासून २५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. घर भाड्याने दिलं तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर घर ज्याच्या नावावर, तो आपोआप असोसिएशनचा सदस्य होतो.

म्हणजे चेअरमन काकांना ज्या कागदाची भीती घालत होते, तो कागद कायद्याने लागतच नव्हता. आणि ही सगळी कलमं मला पाठ होती! दुसऱ्यांच्या दप्तरांत मी हीच कलमं लाल शाईने दाखवून देतो. पण त्या दिवशी मी पाकीट घेतलं आणि घरी आलो. मला अपमान गिळायची सवय होती, अर्ज करायची नव्हती.

कायद्याची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खरेदीखत झाल्यावर कलम २३ तुमच्या पाठीशी उभं राहतं. पण त्याआधीच विकणारा घाबरला, घरमालकाने ‘फॅमिली पाहिजे’ म्हणून फोन ठेवला, बिल्डरच्या सेल्स ऑफिसातल्या मुलाने ‘सर, सगळे फ्लॅट बुक झालेत’ म्हटलं, तर त्याला पकडणारा कायदा आपल्याकडे नाही. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे. खासगी घराचा नाही. शिवाय गृहकर्ज देणाऱ्या बँका सोसायटीचं पत्र मागतात, तिथेही गळा आवळता येतो. न लिहिलेला ठराव या फटींतून जगतो.

आता दुसरं भांडण.

इसार परत आला त्याच आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. फाटक, सीसीटीव्ही, मशीद चालत पाच मिनिटांवर, आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘फक्त आपल्या लोकांसाठी’. अब्बांनी ती मला वाचून दाखवली आणि म्हणाले, “बघ. कुणाच्या दारात उभं राहायला नको.”

अब्बांच्या भीतीला मी हसणार नाही. २००९ च्या सप्टेंबरमध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली, लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं, तेव्हा आमचे नातेवाईक तिथे होते. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत जमाव मशिदीवर चालून गेला आणि आपला एक तरुण मारला गेला. त्यानंतर एखाद्या बापाला वाटलं की मुलाने आपल्या माणसांत राहावं, तर त्याला मागासलेला ठरवणारा मी कोण? १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून मुंब्र्याला गेलेली कुटुंबंही हौसेने गेली नव्हती.

पण भीती खरी असली म्हणून उपाय बरोबर ठरत नाही. अहमदाबादची गुलबर्ग सोसायटी आठवा. मध्यमवर्गीय मुसलमानांची वसाहत, भोवती कुंपणभिंत, आत माजी खासदार एहसान जाफरी राहत होते. २८ फेब्रुवारी २००२ ला तिथे ६९ माणसं मारली गेली. भिंत कामी आली नाही. फोन करायला खासदार होते, तेही कामी आले नाहीत. जमाव रोखतात ते पोलीस, कायदा आणि मधे उभा राहणारा शेजारी. ‘फक्त आपल्या लोकांसाठी’ असलेलं फाटक यातल्या तिसऱ्याला बाहेर ठेवतं.

दुसरा आक्षेप याहून मोठा आहे, आणि तो कागदाचा आहे. अहमदाबादेत पारशी समाजाची एक गृहनिर्माण सोसायटी आहे, १९२६ साली नोंदलेली. तिच्या उपविधीत होतं की सभासद पारशीच असावा. एका सभासदाला आपली जागा बाहेरच्यांना विकायची होती, सोसायटीने अडवलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ एप्रिल २००५ ला निकाल लागला: आपापल्या लोकांची संस्था काढण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ मध्ये आहे आणि कायद्यात मनाई नसेल तर असा उपविधी वैध आहे. उच्च न्यायालयाने दिलेला उलट निकाल रद्द झाला.

पारशी समाज लहान, दिवसेंदिवस घटणारा. त्यांना एकत्र राहावंसं वाटलं, यात मला कुणाचा द्वेष दिसत नाही. पण निकाल कुणी मिळवला आणि तो कुणाच्या कामाचा आहे, ते पाहा. अल्पसंख्याकांनी स्वतःच्या रक्षणासाठी मागितलेली सूट उद्या प्रत्येक बहुसंख्याक वसाहत मागू शकते. आणि आपल्याकडे परंपरा आहेच. देशातली पहिली गृहनिर्माण सहकारी संस्था मानली जाते ती १९१५ ची, मुंबईच्या गावदेवीतली, आणि तिच्या नावातच सारस्वत आहे. घरांचा सहकार आपल्याकडे जातीचं बोट धरून चालायला शिकला. तो बोट सोडील म्हणून कायद्यात खुलं सभासदत्व आलं.

आता नीट लक्ष द्या. २००५ च्या निकालाने संरक्षण दिलं ते लिहिलेल्या आणि नोंदलेल्या उपविधीला. साताऱ्यातल्या त्या सोसायटीकडे असा उपविधी नाही. तिने आदर्श उपविधी स्वीकारलेत, त्यात धर्माचा शब्दही नाही. म्हणजे आपल्याला मिळणारा तोंडी नकार या निकालाच्या छत्रीखालीही येत नाही. तो उघड्यावर उभा आहे, आणि कुणी अर्ज हातात घेऊन गेलं तर टिकणार नाही. अशा वेळी आपण काय करतोय? ते जे कुजबुजतात, ते आपण पत्रकावर छापतोय. उद्या आपण आपल्या सोसायटीचा तसा उपविधी नोंदवायला गेलो, तर निबंधकांच्या त्याच टेबलावर परवा त्यांचाही उपविधी येईल. आणि त्यांना अडवायला आपल्याकडे तोंड उरणार नाही.

तिसरा आक्षेप घरातला आहे. ‘आपले लोक’ म्हणजे कोण, हे फाटकावर कोण ठरवणार? मी त्या जाहिरातीवरच्या नंबरला फोन केला. पहिला प्रश्न बजेटचा होता. दुसरा प्रश्न, “कुठल्या जमातचे तुम्ही?” म्हणजे मुसलमान असून भागत नाही, मस्लकही जुळला पाहिजे.

माझ्या खालाची गोष्ट याहून कडू आहे. तलाक झाल्यावर ती दोन मुलींना घेऊन भाड्याचं घर शोधत होती, आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच लोकांकडे. प्रत्येक दारात एकच प्रश्न: घरात पुरुष कोण? पाच घरांतून नकार आला, तोही तोंडी आणि तोही सौजन्याने. “आपा, तुमचं वैयक्तिक काही नाही, पण लोक काय म्हणतील.” चेअरमनचं वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेवून बघा. शेवटी सांगलीत विश्रामबागेत एका लिंगायत आजींनी तिला वरचा मजला दिला. अट एकच घातली, रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही.

जिथे आपण मालक आहोत, तिथे आपणही हेच करतो. एकटी बाई, बौद्ध विद्यार्थी, परप्रांतीय कारागीर यांना आपल्या गल्लीत खोली सहज मिळते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

चौथा आक्षेप हिशोबाचा. २०२३ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी देशातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांची आकडेवारी तपासली. देशातले २६ टक्के मुसलमान अशा वस्त्यांत राहतात, जिथे दहातले आठहून जास्त लोक मुसलमान आहेत. आणि एकाच शहरात मुसलमान आणि दलित वस्त्यांत शाळा, दवाखाने, पाणी, गटार यांसारख्या सार्वजनिक सोयी इतर वस्त्यांपेक्षा कमी आढळल्या. वस्ती वेगळी झाली की तिचं गटारही वेगळं होतं, आणि ते साफ करायला कुणाला घाई नसते.

मग काय करायचं? उत्तरासाठी मला साताऱ्याबाहेर जावं लागत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं शालेय शिक्षण याच गावात सुरू झालं. ७ नोव्हेंबर १९०० ला ते इथल्या सरकारी शाळेत दाखल झाले, आज ते प्रतापसिंह हायस्कूल आहे. हाच मुलगा पुढे अमेरिकेत शिकून बडोद्याला नोकरीवर गेला, तेव्हा त्याला त्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. खरी ओळख कळल्यावर काठ्या घेतलेली माणसं आली आणि बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचितानेही कारणं सांगून टाळलं. कमाठी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होण्याची वाट पाहिली आणि शहर सोडलं. घर नाकारणं म्हणजे काय, हे या देशात त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? आणि त्यावर त्यांनी मागितला तो हक्क. वेगळी धर्मशाळा बांधून ते गप्प बसले नाहीत.

दुसरं उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचं. ते कोल्हापूरला शिकायला होते तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी तिथे प्रत्येक समाजासाठी वसतिगृहं उभी करायला हात दिला होता: मराठा, जैन, मुस्लिम, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठीचं मिस क्लार्क. त्या काळात ते गरजेचं होतं, नाहीतर त्या मुलांना शहरात छप्परच मिळालं नसतं. पण भाऊराव मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला, आणि जैन बोर्डिंगमधून बाहेर पडले. सोसायटीचा नियम मोडला म्हणून काढलेला हा सभासद! त्याने पुढे काय केलं? १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असं वसतिगृह सुरू केलं जिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुलं एकाच छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत, स्वयंपाक आणि झाडलोट वाटून करत. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे आले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. भाऊरावांना काढून टाकणाऱ्या बोर्डिंगला त्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे सगळ्यांचं बोर्डिंग. आपली पत्रकं छापणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा.

शाहू महाराजांची वेगवेगळी वसतिगृहं पहिली पायरी होती, भाऊरावांचं दुसरी. शंभर वर्षांनी आपण पहिल्या पायरीवर परत जायचं का?

आपल्या बाजूचं एक कर्तव्यही सांगतो, कारण ते टाळून हक्काची भाषा करता येत नाही. नियम वेगळा आणि नकार वेगळा. सामायिक जागेत चपलांचे कपाट ठेवू नका, वर्गणी वेळेवर भरा, रात्री आवाज नको, हे नियम सगळ्यांना सारखे असतील तर ते आपल्यालाही लागू आहेत. २०२३ च्या जूनमध्ये मीरा रोडच्या एका सोसायटीत बकरी ईदच्या बकऱ्यांवरून केवढा तमाशा झाला, आठवतं ना? तिथे जमलेल्यांची भाषा निषेधाचीच होती. पण कुर्बानी पालिकेने ठरवलेल्या जागीच करावी, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये नाही, यात आपण काय गमावतो? जो नियम आपण पाळतो, त्याच्याच आधारे आपण समोरच्याला विचारू शकतो की माझ्या कढईत काय शिजतं हे कुठल्या उपविधीत आहे.

हा प्रश्न फक्त आपला नाही, हेही ओळखा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ‘महाराष्ट्रीयन चालत नाहीत’ म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. मासे खातात म्हणून मुंबईच्या इमारतींत मराठी कुटुंबांना नकार मिळतो, त्यावर वर्षानुवर्षं लिहिलं जातंय. बौद्ध तरुणाला आडनाव विचारून नकार मिळतो, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीलाही. मुलुंडच्या बाईसाठी रागावलेल्या प्रत्येक मराठी माणसाला मला शांतपणे विचारायचंय: तुमच्या सोसायटीचा जे नमुना कधी पाहिलात का?

म्हणून मागणी सगळ्यांनी मिळून करायची आहे. अमेरिकेत घरांच्या कागदपत्रांत ‘काळ्यांना विकू नये’ अशी अट लिहिलेली असायची. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट कोणतंही न्यायालय अमलात आणणार नाही. तरी दलाल तोंडी नकार देत राहिले. शेवटी १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घर विकताना आणि भाड्याने देताना भेदभाव करण्यालाच बंदी घालणारा कायदा आला. लिहिलेली अट गेल्यावरही तोंडी नकार उरतो आणि त्याला वेगळा कायदा लागतो, हा तिथला अनुभव. आपल्याकडे सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला होता. वेगवेगळ्या समाजांची कुटुंबं एकत्र राहतील असे गृहप्रकल्प उभारणाऱ्या बिल्डरांना सवलत द्यावी, असंही तिने म्हटलं होतं. ती शिफारस धूळ खात पडली आहे. सहकार हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, मग सोसायटीच्या बहिष्काराविरुद्ध का नाही? धर्म, जात, आहार, वैवाहिक स्थिती या कारणांवरून सोसायटी, घरमालक, बिल्डर किंवा दलालाने घर नाकारणं हा गुन्हा ठरला पाहिजे. त्यात माझ्या खालाला नाकारणारे आपले घरमालकही सापडले पाहिजेत.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर करण्यासारखी कामं सांगतो.

घर बघायला जाल तेव्हा दोन संदेश जपून ठेवा: नाव सांगण्याआधीचा आणि नंतरचा. ‘लोकांना चालत नाही’ असं कुणी म्हटलं तर त्याच संध्याकाळी त्यांना लिहून पाठवा, ‘आज आपण असं म्हणालात, बरोबर ना?’ विकणारा तयार असेल तर त्याला उपविधी दाखवा. एनओसी लागत नाही हे त्याला माहीत नसतं, आणि तो आपल्याइतकाच चेअरमनला घाबरलेला असतो. खरेदी झाली की सभासदत्वाचा अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्का, सही, तारीख. घेत नाहीत तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, तेही घेत नाहीत तर उपनिबंधकांकडे द्या. तीन महिने मोजायला त्या तारखेपासून सुरुवात होते, म्हणून पोच महत्त्वाची.

आणि सप्टेंबर जवळ आलाय. प्रत्येक सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तुमच्यापैकी ज्यांची घरं सोसायटीत आहेत त्यांनी सभेला जा, मागच्या रांगेत बसून निघून येऊ नका, समितीसाठी उभे राहा. आणि ज्यांची नाहीत, त्यांनी सोसायटीत राहणाऱ्या एका हिंदू मित्राला किंवा मैत्रिणीला एवढंच विचारा: ‘सदनिकेची विक्री किंवा भाडं यात संस्था धर्म, जात आणि आहार पाहणार नाही’ हा ठराव तू सभेत मांडशील का? पास नाही झाला तरी चालेल. इतिवृत्तात येऊ दे. कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं, कुणी विरोध केला, हे एकदा शाईने लिहिलं जाऊ दे.

मी विचारलं. आमच्या ऑफिसातला माझा सहकारी तीन वर्षं माझ्यासोबत डबा खातो, त्याचं घर एका मोठ्या संकुलात आहे. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “विषयपत्रिकेत घ्यायला आधी अर्ज द्यावा लागेल ना? तूच लिहून दे, सही मी करतो.”

अर्ज मी लिहून दिलाय. अब्बांना अजून पटलेलं नाही, ती जाहिरात त्यांनी जपून ठेवली आहे. पुढच्या जुलैत त्या संकुलाचं दप्तर आमच्या टेबलावर येईल, तेव्हा इतिवृत्ताची वही मी सगळ्यात आधी उघडणार आहे.